कागदावरची वाट

स्मरणिकेचं प्रूफ आलं त्या सकाळी कर्नल विजयेंद्र कमठाणकरांचा चहा दोनदा गार झाला. दोन्ही वेळा जयंतीबाईंनी तो मुकाट्यानं उचलून नेला. नवऱ्याचा चेहरा असा झाला की बोलून उपयोग नसतो, हे त्यांना लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

बिदर आणि कलबुरगी जिल्ह्यांतल्या माजी सैनिकांनी एक समिती काढली होती. दोन्ही जिल्ह्यांतून फौजेत गेलेल्यांची, लढाईत पडलेल्यांची माहिती गोळा करून स्मरणिका छापायची असं ठरलं होतं. विजयेंद्ररावांनी आपण होऊन एक लेख दिला होता, बेटावरच्या मोहिमेबद्दल. १९८७ साली शेजारच्या बेटावर आपली फौज शांतता राखायला म्हणून गेली आणि काही महिन्यांतच लढाईत अडकली. कितीतरी जवान गमावून, हाती काही न लागता परत आली. तेव्हा विजयेंद्रराव तरुण कॅप्टन होते, लष्कराच्या गुप्तवार्तेच्या कामावर. मोहिमेआधी त्या मुलखाची माहिती काढायची आणि जुने नकाशे दुरुस्त करायचे, हे त्यांच्याकडं सोपवलेलं काम होतं.

प्रूफात त्यांचा लेख नव्हता. त्याच्या जागी प्रस्तावनेत एकच वाक्य होतं : 'त्या भागाचे अद्ययावत नकाशे त्या काळी उपलब्ध नव्हते.'

"उपलब्ध नव्हते," विजयेंद्रराव भिंतीकडं बघत म्हणाले. "मग मी काय तिथं रांगोळ्या काढत होतो?"

स्मरणिकेचं संपादन राजशेखर नावाच्या निवृत्त सुभेदाराकडं होतं. त्याचं मन्नाएखेळ्ळीला हायवेवर ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान होतं. फोन उचलला तेव्हा मागं कुणीतरी लोखंडावर हातोडा मारत होतं.

"सर, लेख लई मोठा झाला," राजशेखर म्हणाला. "आन् वादाचा हाय. समितीत सगळे बोलले, नकाशे नव्हते असंच सगळीकडं लिव्हलेलं असतंय. आपुन येगळं कामून लिव्हायचं?"

"कारण वेगळं घडलं होतं म्हणून."

"पुरावा द्या सर. लगेच घालतो."

विजयेंद्ररावांनी फोन ठेवला. पुरावा नव्हता. नकाशाची प्रत स्वतःजवळ ठेवायची नसते, हा त्यांच्या खात्याचा पहिला नियम, आणि तो त्यांनी पाळला होता. पुढं निवृत्तीनंतर त्यांनी वरपर्यंत अर्ज केले. एकदा उत्तर आलं, असा कागद आढळत नाही. पुन्हा विचारलं तर उत्तर आलं, आढळला तरी देता येणार नाही. ही दोन्ही उत्तरं एकाच माणसाच्या सहीची होती.

नकाशा होता. किनाऱ्यावरच्या एका बंद पडलेल्या मासळीच्या गोदामात बसून त्यांनी तो केला होता. बेटावरून होड्यांनी पळून आलेली माणसं जवळच्या छावणीत होती. कोळी होते, एक शाळामास्तर होता, मिठागरात राबलेल्या बाया होत्या. विजयेंद्ररावांना कानडी घरच्यासारखी येत होती. त्या आधारावर त्यांनी तमिळ जमेल तशी उचलली. ते एकेकाला समोर बसवून विचारत, तुमच्या घरातून निघालो की आधी काय लागतं? विहिरीनंतर काय? पाऊस पडल्यावर तिथून बैलगाडी जाते का? माणसं अंतर सांगायची ते विडीच्या हिशेबानं, एक विडी ओढून होईपर्यंत चाललं की देऊळ येतं, असं. एकाचं सांगणं दुसऱ्याशी ताडून, तिसऱ्याला विचारून, त्यांनी जुन्या छापील नकाशाच्या शीटवर पारदर्शक कागद ठेवून लाल शाईनं नवी जमीन काढली. जुनी शीट इंग्रजांच्या काळातली होती. तिच्यावर ताडाच्या बनातून जाणारा एक गाडीरस्ता होता. छावणीतल्या बाया म्हणत होत्या, तो रस्ता कधीच मोडला. तिथं मिठागरं झाली आणि आता गुडघाभर चिखल आहे.

विजयेंद्ररावांनी त्या रस्त्यावर लाल फुल्या मारल्या आणि नकाशा वर पाठवला. तो कुठल्या टेबलावर थांबला हे त्यांना कधी कळलं नाही. फौज विमानांतून उतरली ती जुनी शीट घेऊन. आणि मोहिमेच्या सुरुवातीलाच एका सकाळी, वायरलेसवर नुसतं ऐकायची परवानगी असलेल्या कॅप्टन विजयेंद्रनं एका कंपनीचा आवाज ऐकला. रस्ता सापडत नाही, तो आवाज सांगत होता. शीटवर आहे, जमिनीवर नाही. हेच तो पुन्हा पुन्हा सांगत होता, समोरच्याला ऐकूच येत नसल्यासारखा. नंतर गोळीबाराचा आवाज आला आणि नंतर तोही आला नाही.

हे सगळं लेखात होतं. लेख लई मोठा झाला होता.

चार दिवसांनी दारात एक गाडी थांबली. चाळिशीला टेकलेला एक माणूस उतरला आणि त्यानं मागचं दार उघडून एका बाईला हात दिला. पांढरं लुगडं, जाड भिंगांचा चष्मा, पायात नवीन चपला. जयंतीबाईंनी दोघांना आत घेतलं.

"जय भीम सर. मी बुद्धरत्न. कलबुरगीला पाटबंधारे खात्यात इंजिनियर हाय. ही माझी आई, सावित्रीबाई. आम्ही मंठाळचे." त्यानं घडी घातलेलं एक पान पुढं केलं. स्मरणिकेच्या प्रूफाचंच पान होतं ते. फोटो तपासून द्या म्हणून समितीनं घरोघर पाठवलेलं. "राजशेखर सायेब बोलले, कर्नल सायबास्नी विचारा."

पानावर एका कोवळ्या चेहऱ्याच्या जवानाचा फोटो होता. खाली लिहिलं होतं : 'शिपाई नागनाथ, मु. मंठाळ, ता. बसवकल्याण. आघाडीवर असताना वाट चुकल्याने शत्रूच्या माऱ्यात सापडून वीरगती.'

सावित्रीबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. जयंतीबाईंनी दिलेला चहा त्यांनी घेतला, पण प्यायल्या नाहीत.

"साहेब, तिथला नकाशा तुम्हीच काढलता म्हनं."

"हो. मीच काढला होता."

"मग मला येवढं सांगा. माझा मालक वाट कामून चुकला?"

सावित्रीबाई थांबल्या नाहीत. सांगायची सवय झाल्यासारख्या, पण कुणी ऐकल्याची सवय नसल्यासारख्या त्या बोलत राहिल्या.

"हेच्या सामानाची पेटी घेऊन येक शिपाई आल्ता. गावात सगळे जमले. कसं झालं म्हनून विचारलं तर त्यो बोलला, पुडं ह्योच होता, वाट चुकली. बास्, येवढंच बोलला आन् गेला. त्येला गाडी धरायची होती. आमच्या वस्तीतला पैला फौजी वो ह्यो. जाताना गावानं हार घातलता. आन् मग तेच गाव म्हनाय लागलं, हेच्यामागं गेले म्हनून बाकीचे मेले. माझं पोरगं तवा पोटात होतं. शाळंत गेलं तर वाटचुक्याचं म्हनायचे त्येला."

"आई, ते ऱ्हाऊ दे," बुद्धरत्न म्हणाला.

"ऱ्हाऊ दे कामून? आता तेच छापून येयलंय."

विजयेंद्ररावांनी पान पुन्हा वाचलं. फोटोशेजारची तारीख बघितली. वायरलेसवरची ती सकाळ त्यांना पाठ होती.

"सावित्रीबाई," ते म्हणाले, "तुमचे मालक वाट चुकले नाहीत. वाट तिथं नव्हतीच."

"म्हंजी?"

"त्यांच्या साहेबाच्या हातात जो कागद होता त्यावर रस्ता दाखवला होता. जमिनीवर तो रस्ता मोडून गेला होता. मला माहीत होतं. मी लिहून कळवलं होतं. ते त्यांच्यापर्यंत पोचलं नाही."

सावित्रीबाईंनी मुलाकडं बघितलं, मग पुन्हा विजयेंद्ररावांकडं. त्यांना हे पटलं की नाही हे चेहऱ्यावरून कळेना.

"मग हे तवाच कामून सांगितलं न्हाई कुनी?"

विजयेंद्रराव म्हणाले, "मी तो नकाशा पुन्हा काढून देतो. तुम्ही पुढच्या आठवड्यात या."

त्यांनी गावातून मोठे कागद आणले, जेवणाचं टेबल अडवलं आणि आठवून आठवून ती जमीन पुन्हा काढायला बसले. जयंतीबाई आणि ते त्या आठवड्यात ताटं मांडीवर घेऊन जेवले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी तो नकाशा हवा होता. काढताना नावं आपोआप सुचत गेली : शाळा, पांढरं देऊळ, तुटका बांध, मिठागर. विजयेंद्रराव बोटानं वाटा गिरवत आणि मध्येच स्वतःशी हसत. जयंतीबाईंना ते हसू बघून बरं वाटलं आणि भीतीही वाटली.

ठरल्या दिवशी बुद्धरत्न एकटाच आला. नकाशा त्यानं उभ्यानं, मन लावून बघितला. मग पिशवीतून लॅपटॉप काढून त्याच जागेचं उपग्रहातून घेतलेलं चित्र उघडलं.

"सर, रागावू नका. मी आईला घेऊन जायचं म्हनायलो तिकडं. आता लोक फिरायला जायलेत. म्हनून जागा शोधायलो."

दोघं शेजारी शेजारी बसले. आधी विजयेंद्रराव उत्साहानं दाखवत होते, मग त्यांचं बोलणं तुटक होत गेलं. खाडीचा काठ जुळेना. देऊळ सापडलं, पण ते खाडीच्या उजव्या अंगाला होतं. त्यांच्या कागदावर डाव्या. शाळा कुठंच नव्हती. मिठागरं मात्र होती. मोडकी, पाण्यानं भरलेली, पण चौकोन चौकोन स्पष्ट दिसत होते. बुद्धरत्ननं बोट ठेवलं.

"हे खरं हाय सर. रस्ता मोडून मिठागर झालं, हे तुमचं बरोबर हाय. फकस्त तुम्ही दाखवलंय तिथं न्हाई. ते हितं हाय, पार खाली."

कागदावर ते बोटभर अंतर होतं. जमिनीवर चालत जायचं म्हटलं तर माणूस घामाघूम झाला असता.

"आता आठवणीतनं काढलाय," विजयेंद्रराव म्हणाले. "तेव्हा बरोबर असेल."

"असंल. काठ सरकला बी असंल. तिकडं मदी त्सुनामीत समुद्र आत आल्ता." बुद्धरत्न रोज नकाशांत काम करणारा माणूस होता. मनात आलेलं त्याला गिळता येईना. "पर सर, तवा बी असाच असंल तर? तुमचा नकाशा त्यांच्या हातात पडला असता, तरी ते चिखलातच गेले असते का?"

"तुम्हाला घरात बसून वरून बघता येतं," विजयेंद्रराव म्हणाले. आवाज चढला होता. "मला लोकांच्या तोंडून बघावं लागत होतं. रडणाऱ्या बायांच्या तोंडून. मी त्या बेटावर पाऊलसुद्धा ठेवलेलं नाही, कळलं? तरीही मी काढला. आणि तुम्ही मला आता बोटभर अंतर शिकवायला आलात."

बुद्धरत्ननं लॅपटॉप मिटला. "तसं न्हाई सर," एवढंच बोलून, जयंतीबाईंना नमस्कार करून तो गेला.

गाडी वळल्याचा आवाज आला तशा जयंतीबाई टेबलापाशी आल्या.

"त्याचा बाप गेलाय तिथं," त्या म्हणाल्या. "तुमचा कागद गेलाय. दोन्ही सारखं धरू नका."

दुपारभर ते त्या कागदासमोर बसून राहिले. आपला नकाशा बरोबर होता, एवढ्या एका गोष्टीवर त्यांनी इतकी वर्षं राग पोसला होता. आता त्या रागाला टेकायला भिंत उरली नव्हती, पण राग काही कमी होत नव्हता. उलट तो कुणावर काढावा हेच कळेनासं झालं होतं. एक गोष्ट मात्र उपग्रहानंही सांगितली होती. छापील शीटवरचा रस्ता खोटा होता. देऊळ इकडं असो की तिकडं, नागनाथच्या पायाखाली रस्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मन्नाएखेळ्ळीला गेले. राजशेखरनं स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला. हायवेवरून ट्रक गेला की बोलणं थांबवावं लागत होतं.

"माझा लेख नको," विजयेंद्रराव म्हणाले. "माझं नावही नको. फक्त नागनाथचं वाक्य बदला."

राजशेखरला हायसं वाटलं. त्यानं पेन काढलं. "सांगा सर, काय लिवू?"

"लिहा, हाती दिलेला नकाशा चुकीचा असल्याने."

राजशेखरचं पेन थांबलं. "दिलेला म्हनलं की, कुनी दिला असं येतंय सर."

"मग दिलेला काढा. नकाशा चुकीचा असल्याने."

"चुकीचा म्हनलं तर कुनाची तरी चूक झाली. कार्यक्रमाला मोठे लोक येयलेत. जुना म्हनू का?"

"जुना म्हणा."

एक ट्रक गेला. राजशेखरनं वाक्य लिहून मनाशी वाचलं आणि मान हलवली. "न्हाई सर. वर तर लिव्हलंय नकाशे नव्हते. खाली म्हनायलोत जुना व्हता. वाचनारा म्हनंल, व्हता का नव्हता?"

"मग वरचं बदला."

"वरचं समितीनं मंजूर केलंय."

विजयेंद्ररावांनी हातातला कप दुकानाच्या फळीवर आदळला. चहा सांडला. राजशेखर वाईट माणूस नव्हता. तोही त्याच मोहिमेला होता, दुसऱ्या पलटणीत, आणि त्याच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती. त्यानं फडक्यानं चहा पुसला आणि हळू आवाजात म्हणाला, "सर, मला सगळं ठाऊक हाय. आम्हाला बी तसलीच शीट व्हती. पर ही स्मरणिका निघाली पायजे. तीन वर्सं झाली, कुनाचं ना कुनाचं वाक्य अडकायलंय. मी असं करतो. 'वाट चुकल्याने' काढून टाकतो. नुसतं वीरगती ठेवतो. चालंल?"

"आणि त्याच्या जागी?"

"त्याच्या जागी काय न्हाई."

विजयेंद्रराव स्टुलावरून उठले. मग म्हणाले, "काढा."

परत येताना त्यांनी बुद्धरत्नला फोन केला. आधी माफी मागितली, मग जे झालं ते सांगितलं. बुद्धरत्न म्हणाला, "सर, काढलं हे चांगलंच झालं. पर गावाला काय कळनार? गावानं कुठं वाचून म्हनलंय ते." मग म्हणाला, "परकाशन मंठाळलाच ठेवलंय. तुम्ही येता का? आई म्हनायलीय, तुमच्या तोंडानं सांगा."

प्रकाशनाला मांडव घातला होता. पुढं सोफे, मागं खुर्च्या. वीरपत्नींना शाली दिल्या. सावित्रीबाईंनी शाल घडी करून मांडीवर ठेवली. पुढाऱ्यांची भाषणं लांबली. विजयेंद्ररावांचं नाव पुकारलं तोवर मागून जेवणाचा वास येऊ लागला होता आणि निम्मं लक्ष तिकडं गेलं होतं. त्यांनी नकाशा फळ्याला टाचला. त्यातल्या ज्या जागांची खात्री नव्हती तिथं आता पेन्सिलीनं प्रश्नचिन्हं केली होती. ती प्रश्नचिन्हंच जास्त झाली होती.

त्यांनी नीट, सोप्या भाषेत सांगितलं. नागनाथ पुढं होता, कारण पुढं चालायला भरवशाचा माणूस लागतो. कागदावर रस्ता होता. हुकूम त्या रस्त्यानं जायचा होता. जमिनीवर मिठागराचा चिखल होता. वाट चुकायला आधी वाट असावी लागते. आपला नकाशाही पूर्ण बरोबर नव्हता, हेही त्यांनी सांगितलं. पण ज्याच्या हातात तोही आला नाही त्याला दोष देऊ नका, म्हणाले. मध्येच कुणीतरी चिठ्ठी आणून ठेवली : 'आटोपतं घ्यावे.' मग माईक कर्कश शिट्टी घालू लागला आणि कुणीतरी तो बंदच केला. शेवटची वाक्यं पुढच्या दोन रांगांनी ऐकली.

टाळ्या पडल्या. एका तरुणानं उठून विचारलं, भरतीची उंची आता किती झाली? दुसऱ्यानं विचारलं, आता तर ड्रोन आहेत, मग नकाशे कशाला लागतात? माणसं जेवायला उठली.

विजयेंद्रराव फळ्यावरचा नकाशा उतरवत होते तेव्हा वीरभद्रप्पा त्यांच्याजवळ आले. गावातले सगळ्यात वयस्कर शेतकरी. पेटी आली त्या दिवशीही ते तिथं होते, असं बुद्धरत्ननं सांगितलं होतं. हातातल्या काठीवर भार देऊन त्यांनी फळ्याकडं बघितलं.

"चांगलं बोललाव साहेब," ते म्हणाले. "पर म्हंजी, वाट चुकलीच की."

विजयेंद्ररावांना वाटलं, आपण ऐकण्यात चुकलो. "अप्पा, वाट नव्हतीच म्हणतोय मी."

"व्हय, नव्हती. म्हनूनच चुकली."

सावित्रीबाई शेजारीच उभ्या होत्या. त्या गावात वीरभद्रप्पांशी त्या कधी तोंड वर करून बोलल्या नव्हत्या.

"अप्पा," त्या म्हणाल्या, "तुमच्या शेताच्या पहाणीच्या उताऱ्यावर हीर लिव्हली. तुम्ही भांडं घेऊन पान्याला गेलाव, तर तितं हीरच न्हाई. मग तुम्ही चुकलाव, का पहाणी लिव्हनारा?"

वीरभद्रप्पांनी विचार केला. "पहाणीवर कोन भरवसा ठेवतंय, सावित्रा," ते म्हणाले. "मानसानं आपुन बगून पाय टाकावा की."

बुद्धरत्ननं आकाशाकडं बघितलं. विजयेंद्ररावांच्या तोंडाशी कडक शब्द आला होता; वायरलेसवर, अर्जांत, मन्नाएखेळ्ळीच्या दुकानात गिळलेले सगळेच शब्द तोंडाशी आले होते. पण सावित्रीबाईंनी एक खुर्ची ओढून म्हाताऱ्याच्या मागं ठेवली आणि दुसरी विजयेंद्ररावांपुढं.

"बसा अप्पा," त्या म्हणाल्या. "जेवन काय पळून जात न्हाई. साहेब पुन्ना सांगायलेत."

वीरभद्रप्पा काठी गुडघ्यात धरून बसले. विजयेंद्ररावांनी नकाशा मांडीवर पसरला, चष्मा नीट केला आणि समुद्रापासून सुरुवात केली.